वाचक विचारतात : कॉमिकचा चित्रपट करायचा तर

कादंबरीवरून चित्रपट करण्याविषयी मागील अंकात या सदरात जे लिहिले, त्यावर आलेली बरीचशी पत्रे कॉमिकविषयी निघाली. पत्रलेखकांत होतकरू निर्माते आहेत, पटकथाकार आहेत, आणि आपले कॉमिक कोणीतरी मागायला आले म्हणून आनंदलेले व तितकेच धास्तावलेले एक चित्रकारही आहेत. त्यांतील पाच प्रश्न निवडून, पत्रे संक्षेपाने देऊन, उत्तरे देत आहे.

प्रश्न : एका जुन्या कॉमिकमालिकेवर चित्रपट करावा, अशी माझी आणि माझ्या दोन मित्रांची इच्छा आहे. मालिकेच्या लेखकांना आम्ही भेटलो. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि पैशांचे नंतर पाहू, असेही सांगितले. आम्ही पटकथेला हात घालावा काय?

उत्तर : घालू नये. लेखकांच्या सद्भावनेबद्दल शंका नाही, परंतु जी वस्तू त्यांनी तुम्हाला देऊ केली ती त्यांच्या मालकीची आहे का, हे आधी पाहावे लागेल. कॉमिक बहुधा एकट्याच्या हातचे नसते. कथा लिहिणारा, पेन्सिलीने रेखाटणारा, त्यावर शाई फिरवणारा, रंग भरणारा, फुग्यांतील अक्षरे लिहिणारा आणि या सर्वांना मानधन देऊन हक्क स्वतःकडे ठेवणारा प्रकाशक, अशी ती साखळी असते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरला विकले. पुढे सत्तरच्या दशकात या पात्रावर भव्य चित्रपटाची जुळवाजुळव सुरू झाली, तेव्हा सीगल यांनी १९७५ मध्ये आपल्यावरील अन्यायाची जाहीर वाच्यता केली, वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली, आणि मालक कंपनीने दोघांना वर्षाकाठी प्रत्येकी वीस हजार डॉलर व श्रेयनामावलीत स्थान देण्याचे मान्य केले. हे मिळाले ते मुख्यतः लोकलाजेस्तव. मधल्या काळात या दोघांनी एखाद्या निर्मात्याला तोंडी होकार दिला असता, तर त्या होकाराची किंमत काय राहिली असती, याचा विचार करावा.

म्हणून सर्वप्रथम मूळ करार पाहायला मागा. चित्रपटाचे हक्क लेखकाकडे आहेत, प्रकाशकाकडे आहेत की पूर्वीच कोणाला दिले गेले आहेत, दिले असल्यास ते मुदतीअंती परत आले का, आणि चित्रकाराची सही कोठे आहे, हे कागदावरूनच कळते. त्यानंतर पूर्ण हक्क विकत घेण्याऐवजी ऑप्शन घ्यावा. ठरावीक रक्कम देऊन ठरावीक मुदतीपुरता तो हक्क तुमच्यासाठी राखून ठेवला जातो. त्या मुदतीत पटकथा, पैसा आणि कलावंत जमले तर उरलेली रक्कम भरून हक्क पक्के होतात, आणि न जमल्यास वस्तू मालकाकडे परत जाते. मुदत किती घ्यावी, यात नवखे निर्माते हमखास चुकतात. निर्माते मायकल उस्लान आणि बेंजामिन मेल्निकर यांनी बॅटमॅनचे चित्रपट-हक्क १९७९ मध्ये मिळवले आणि चित्रपट पडद्यावर आला तो १९८९ मध्ये. दहा वर्षे! वर्षभराचा ऑप्शन घेऊन निर्धास्त राहणाऱ्याने हे आकडे टेबलाच्या काचेखाली ठेवावेत.

मुदत संपत आली की माणसे काय करतात, याचेही उदाहरण आहे. एका जर्मन निर्मात्याकडील फँटॅस्टिक फोर या कॉमिकचा ऑप्शन १९९२ च्या अखेरीस संपणार होता. निर्मिती सुरू झाली नसती तर हक्क हातचे गेले असते. तेव्हा काटकसरीसाठी ख्यातकीर्त असलेले रॉजर कॉरमन यांना सोबत घेऊन, सुमारे दहा लाख डॉलरांत आणि वर्ष संपता संपता चित्रीकरण सुरू करून, एक चित्रपट उरकण्यात आला. कलावंतांनी जीव ओतून काम केले, स्वतः हिंडून प्रसिद्धीही केली, आणि तो चित्रपट अधिकृतपणे कधीही प्रदर्शित झाला नाही. हक्क मात्र टिकले आणि त्याच जर्मन निर्मात्याच्या सहभागाने २००५ मध्ये मोठ्या खर्चाचा चित्रपट आला.

कागदपत्रांतील एक सांधा निसटला तर काय होते, हे वॉचमेन या कॉमिकवरील चित्रपटाने दाखवले. फॉक्स कंपनीने त्या कॉमिकचे हक्क ऐंशीच्या दशकात घेतले होते. पुढे प्रकल्प या हातून त्या हाती फिरत वॉर्नरकडे पोचला, चित्रपट बनला, आणि फॉक्सने दावा लावला. २००८ च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी फॉक्सच्या बाजूने कौल दिला तेव्हा प्रदर्शन अडीच महिन्यांवर आले होते, ट्रेलर जगभर फिरत होता. जानेवारीत तडजोड झाली आणि मार्च २००९ मध्ये चित्रपट लागला, पण उत्पन्नातील वाटा फॉक्सला द्यावा लागला तो लागलाच. एवढ्या मोठ्या कंपन्यांचे वकीलही जेथे चुकले, तेथे तिघा मित्रांनी आधी स्वामित्वहक्काच्या वकिलाची फी बाजूला काढावी आणि मग पटकथेची वही उघडावी.

प्रश्न : कॉमिक म्हणजे तयार स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी काढलेला दृश्यांचा चित्र-आराखडा) आहे, असे आमचे दिग्दर्शक म्हणतात. चौकटीला चौकट चित्रित केली तर मूळ वाचक खूष राहतील आणि वेगळ्या स्टोरीबोर्डचा खर्चही वाचेल, असा त्यांचा आग्रह आहे. आपले मत काय?

उत्तर : दिसायला सारखे असले तरी ही दोन वेगळी कामे आहेत. स्टोरीबोर्डमधील प्रत्येक चित्र एकाच आकाराच्या चौकटीत असते, कारण पडद्याचा आकार बदलत नाही. कॉमिकचा चित्रकार मात्र चौकटीच्या आकारानेच बोलतो. उंच, अरुंद चौकट काढून तो विहिरीची खोली दाखवतो, पानभर पसरलेल्या चौकटीने वाचकाचा श्वास रोखतो. शिवाय दोन चौकटींमधली पांढरी पट्टी असते आणि तिच्यात काय घडले हे वाचक मनातल्या मनात भरून काढतो. समजा, उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत नायिका दाराच्या कडीला हात घालते. पान उलटले की दार उघडे आहे, खोली रिकामी आहे आणि खिडकीचा पडदा हलतो आहे. त्या पान उलटण्यात जी धडधड आहे ती वाचकाच्या बोटांत आहे, तो हवा तितका वेळ थांबू शकतो. चित्रपटात तो वेळ संकलक ठरवतो आणि त्याच्या हाती ध्वनी असतो: कडीचा आवाज, त्यानंतरची शांतता, पडद्याची फडफड. ही दोनच चित्रे जशीच्या तशी लागोपाठ दाखवली, तर प्रसंग दोन सेकंदांत संपतो आणि काही घडल्यासारखे वाटतच नाही.

तरीही हा मार्ग कोणी यशस्वीपणे चोखाळलाच नाही, असे नाही. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी सिन सिटीसाठी आधी एक छोटा प्रसंग चित्रित करून मूळ चित्रकार-लेखक फ्रँक मिलर यांना दाखवला, त्यांचे मन वळवले, आणि त्यांना सहदिग्दर्शक केले. दोघांची नावे दिग्दर्शक म्हणून लावण्यास दिग्दर्शकांच्या संघटनेची हरकत आली, तेव्हा रॉड्रिगेझ संघटनेतून बाहेर पडले. २००५ चा हा चित्रपट बहुतांशी हिरव्या पडद्यापुढे (ज्याच्या जागी पार्श्वभूमी नंतर संगणकावर भरली जाते) चित्रित झाला आणि मिलर यांच्या काळ्या-पांढऱ्या आकृती जवळजवळ तशाच पडद्यावर उतरल्या. मिलर यांच्याच पुस्तकावरील थ्री हंड्रेड याच वाटेने गेला. पण या दोन्ही पुस्तकांत मुळातच चित्र भारी आणि कथानक हलके आहे, तेथे चित्र वाचवणे म्हणजेच पुस्तक वाचवणे होते. आपल्या हातातील कॉमिक तसे आहे का, हे दिग्दर्शकांना विचारावे.

उलट्या टोकाला बाँग जून-हो यांचा स्नोपिअर्सर आहे. फ्रेंच कॉमिकमधील गोठलेली पृथ्वी, कधीही न थांबणारी आगगाडी आणि डब्याडब्यांत विभागलेला समाज एवढेच त्यांनी घेतले, माणसे आणि घटना स्वतःच्या उभ्या केल्या. मार्जान सत्रपी यांनी तिसरा मार्ग धरला. एका मुलीची गोष्ट सांगणाऱ्या पर्सेपोलिस या आपल्या कॉमिक-आत्मकथनाला जिवंत नटनट्यांपासून दूर ठेवून त्यांनी २००७ मध्ये ते हाताने रेखाटलेल्या, मुख्यतः कृष्णधवल ॲनिमेशनमध्ये आणले, दिग्दर्शनात स्वतः भागीदार राहिल्या आणि कान महोत्सवात परीक्षकांचे पारितोषिक मिळवले. मला स्वतःला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण त्या साध्या रेषेमुळेच ती मुलगी कोणत्याही देशातील वाचकाला आपली वाटत होती. खरीखुरी अभिनेत्री आणून आणि खरेखुरे शहर उभारून तो आपलेपणा उणावला असता.

कोणता मार्ग घ्यावा, यासाठी एक साधी परीक्षा सुचवतो. पुस्तक मिटून ठेवा आणि आठवड्याने, न उघडता, त्यातले काय आठवते ते लिहून काढा. आठवलेल्या गोष्टींना हात लावू नका. उरलेले सारे बदलण्यास पटकथाकार मोकळा आहे. आणि स्टोरीबोर्डचा खर्च वाचवू नका, तो चित्रीकरणाच्या दिवसांत दुपटीने वसूल होतो.

प्रश्न : आमच्या कॉमिकला निष्ठावान वाचकवर्ग आहे. त्या जोरावर गुंतवणूकदार मिळणे सोपे जाईल काय?

उत्तर : भेटीची वेळ मिळेल, पैसा मिळेलच असे नाही. कॉमिकच्या जगात जी विक्री दणदणीत मानली जाते, तितकीच माणसे चित्रपटगृहात आली तर मोठ्या खर्चाचा चित्रपट पहिल्याच आठवड्यात झोपतो. त्यातही तिकिटाच्या रकमेतील साधारण निम्मा भाग चित्रपटगृहाकडे राहतो, आणि प्रसिद्धी व वितरणाचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. मोठ्या चित्रपटांत तो निर्मितीखर्चाच्या निम्म्याच्या घरात, कधी त्याहूनही वर जातो. तेव्हा अंदाजपत्रक तुमच्या वाचकांच्या प्रेमावर आखू नका.

पात्रेच तारण ठेवून पैसा उभा राहिल्याचे उदाहरण आहे. मार्व्हल या कॉमिक कंपनीने २००५ मध्ये दहा पात्रांचे चित्रपट-हक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलरची कर्जसोय मिळवली आणि तीतून २००८ चा आयर्न मॅन उभा राहिला. चित्रपट कोसळले असते तर पात्रे गेली असती. हे धाडस करण्यापूर्वी त्यांच्या पात्रांवर इतर कंपन्यांनी काढलेले अनेक चित्रपट गाजून गेले होते, हे विसरू नये. पहिलाच चित्रपट काढणाऱ्याने आपले एकुलते एक पात्र गहाण टाकू नये.

प्रश्न : कॉमिक-संमेलनात आमच्या चित्रपटाच्या पाच मिनिटांच्या झलकीला उभे राहून टाळ्या मिळाल्या. समाजमाध्यमांवर कौतुक ओसंडते आहे. आता प्रसिद्धीचा मोठा खर्च करण्याची गरज उरली नाही, असे आमच्या भागीदारांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि या एका गैरसमजाने जितके चांगले चित्रपट बुडाले आहेत तितके वाईट पटकथांनीही बुडाले नसतील, असे माझे मत झाले आहे. दिग्दर्शक एडगर राइट यांच्या स्कॉट पिलग्रिम या चित्रपटाचे पाहा. २०१० च्या जुलैमध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये त्याला डोक्यावर घेतले गेले. ऑगस्टमध्ये तो लागला तेव्हा अमेरिकेतील पहिल्या तीन दिवसांची कमाई एक कोटी डॉलरच्या थोडी वर थांबली. निर्मितीखर्च किमान सहा कोटी डॉलर होता आणि जगभराची मिळकत पाच कोटींच्या आसपास. पुढे त्याला भक्त मिळाले, मिळत आहेत, पण गुंतवणूकदाराची मुदत भक्तीवर थांबत नाही. संमेलनाच्या सभागृहात बसलेला माणूस तुम्ही न सांगताही तिकीट काढणार होता. तुमचा प्रसिद्धीचा पैसा ज्याने हे कॉमिक कधी पाहिलेच नाही, त्याच्यासाठी आहे.

या दोन गटांशी एकाच वेळी कसे बोलावे, हे १९८९ च्या बॅटमॅनकडून शिकता येते. विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे मायकल कीटन यांची निवड जाहीर झाली तेव्हा वाचक भडकले आणि निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे वॉर्नर कंपनीकडे गेली. कंपनीने खुलासे देत बसण्याऐवजी घाईने एक ट्रेलर जोडला, ज्यात अंधारलेले शहर आणि काळा पेहराव होता, मागे संगीतही नव्हते. कीटन विदूषकी करत नाहीत हे वाचकांना त्या दीड मिनिटात कळले, आणि केवळ तो पाहण्यासाठी तिकीट काढून पुढचा चित्रपट सोडून जाणारे लोक निघाले. दुसऱ्या गटासाठी पोस्टर होते. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी लंबवर्तुळ, त्यात वटवाघळाची आकृती आणि खाली फक्त तारीख, २३ जून. नटाचे नाव नाही, चित्रपटाचेही नाव नाही. ज्याला खूण ओळखू आली तो सुखावला, ज्याला नाही आली त्याने शेजाऱ्याला विचारले, आणि त्या विचारण्यातच प्रसिद्धी झाली. पुढे तीच खूण टी-शर्टांवर चढली आणि लोक स्वतःचे पैसे देऊन जाहिरात अंगावर वागवू लागले. अर्थात, पन्नास वर्षांची ओळख असलेल्या पात्रालाच हे परवडते. नवख्या कॉमिकचे नुसते चिन्ह लावले, तर लोक त्याला बँकेची जाहिरात समजतील.

नवख्या पात्रासाठी आधी हा माणूस कोण आणि त्याची अडचण काय, हे सांगावे लागते. येथे टीझर आणि ट्रेलर यांतील फरक ध्यानात ठेवावा. पात्राची ओळख करून देणे हे ट्रेलरचे काम. टीझरने केवळ कुतूहल जागवावे, त्यासाठी तो चित्रपटातील दृश्यांचाच असावा असे बंधन नाही. २००२ च्या स्पायडर-मॅनचा पहिला टीझर मुद्दाम वेगळा चित्रित केला होता. बँक लुटून पळणाऱ्या चोरांचे हेलिकॉप्टर न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये विणलेल्या जाळ्यात अडकते, असा तो छोटा प्रसंग होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तो तातडीने मागे घ्यावा लागला. प्रसिद्धीची सर्व मदार एका साहित्यावर ठेवू नये, हे त्यातून दिसते. त्या चित्रपटाची मोहीम पुढच्या ट्रेलरवर उभी राहिली, आणि प्रदर्शनाच्या पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत त्याने ११ कोटी ४८ लाख डॉलर मिळवले. एका आठवडाअखेरीत दहा कोटींचा टप्पा त्यापूर्वी कोणत्याच चित्रपटाने ओलांडला नव्हता.

कमी खर्चात काय साधते, यासाठी डेडपूलचा अभ्यास करा. चाचणीसाठी केलेली चित्रफीत २०१४ मध्ये बाहेर फुटली, वाचकांनी ती उचलून धरली आणि रेंगाळलेल्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. येथपर्यंतचे श्रेय वाचकांचे. त्यानंतर मात्र मोहीम इतरांकडे वळली. चित्रपट फेब्रुवारी २०१६ मध्ये, प्रेमिकांच्या दिवसाच्या तोंडावर येणार होता, म्हणून तो हळुवार प्रेमपट असल्याची बतावणी करणारी पोस्टरे लावण्यात आली. एका फलकावर तर कवटी, विष्ठेची इमोजी आणि इंग्रजी एल हे अक्षर एवढेच होते, आणि ते ओळीने वाचले की चित्रपटाचे नाव बनत होते. वात्रटपणा वाटेल, पण नायक तसाच वात्रट आहे. ज्याने कॉमिक उघडलेही नाही, त्याला त्या फलकासमोर उभ्या उभ्या नायकाचा स्वभाव कळला. निर्मितीखर्च ५.८ कोटी डॉलर, जगभराची मिळकत ७८ कोटींच्या वर. या आकड्यांनी हुरळून पुष्कळांनी आपल्या गंभीर चित्रपटांनाही थट्टेखोर पोस्टरे लावली आणि प्रेक्षक गोंधळले. मोहिमेचा सूर पात्राच्या तोंडी शोभला पाहिजे, ही अट सोडू नये.

चित्रपट कॉमिकवरून घेतला आहे, हे सांगावे की झाकावे, असेही याच पत्रात विचारले आहे. सुपरहिरोंची कथा असेल तर सांगावे. बापलेकांची किंवा गुन्हेगारीची कथा असेल तर तिच्यावरच भर द्यावा, मूळ पुस्तकाचा उल्लेख श्रेयनामावलीत राहू द्यावा. मेन इन ब्लॅक पाहून हसलेल्या कित्येकांना तो कॉमिकवर आधारलेला आहे याची आजही कल्पना नाही, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. भागीदारांना एवढेच सांगा की संमेलनातील टाळ्यांची चित्रफीत वितरकांना दाखवायला ठेवावी आणि ट्रेलर ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही अशा पन्नास अनोळखी माणसांपुढे चालवून पाहावा. कथा काय आहे, हे त्यांना एका वाक्यात सांगता आले नाही, तर ट्रेलर पुन्हा कापावा.

प्रश्न : मी चित्रकार आहे. माझ्या कॉमिकचे चित्रपट-हक्क मागायला एक निर्माते आले आहेत. रकमेखेरीज करारात काय पाहावे?

उत्तर : पहिली गोष्ट पुस्तकाची. चित्रपटाची चाहूल लागली की मूळ पुस्तकाला मागणी येते आणि ती बहुधा प्रदर्शनाच्या आधी, ट्रेलरबरोबर येते. वॉचमेनचा ट्रेलर २००८ च्या उन्हाळ्यात झळकला आणि वीस वर्षांपूर्वीच्या त्या पुस्तकाच्या लाखो प्रती प्रकाशकाला नव्याने छापाव्या लागल्या. म्हणून ट्रेलरची तारीख प्रकाशकाला किमान तीन महिने आधी कळवण्याची अट घाला. मालिका अनेक खंडांची असेल तर पहिला खंड कोणता, हे मुखपृष्ठावर ठळक छापून घ्या. नवा वाचक दुकानात सातवा खंड उचलतो, त्याला काही कळत नाही आणि तो परत येत नाही.

दुसरी गोष्ट, खेळणी, कपडे, गेम, मालिका आणि पुढील भाग यांचे हक्क चित्रपटाच्या हक्कात आपोआप जाऊ देऊ नका. प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळा वाटा लिहून घ्या. तुमच्या रेषेवरून बनलेली बाहुली विकली जाणार असेल, तर ती रेषा मान्य करण्याचा अधिकार तुमच्याकडे असावा.

तिसरी गोष्ट श्रेयाची आणि येथे चित्रकार फार भिडस्त असतात. नाव पडद्यावर येईल, एवढे पुरेसे नाही. ते सुरुवातीला की शेवटी, स्वतंत्र पाटीवर की घोळक्यात, पोस्टरवर आणि ट्रेलरच्या शेवटी आहे की नाही, अक्षरे पटकथाकाराच्या नावाइतकी मोठी आहेत का, हे सर्व करारात येते आणि यावे. नाव नको असेल तर तेही लिहिता येते. लेखक ॲलन मूर यांनी वॉचमेनच्या चित्रपटावर आपले नाव येऊ दिले नाही, आपल्या वाट्याचे पैसेही कॉमिकचे सहसर्जक चित्रकार डेव्ह गिबन्स यांना देऊ केले, आणि पडद्यावर एकट्या गिबन्स यांचे नाव, कॉमिकचे सहसर्जक म्हणून, लागले. तुमच्या कॉमिकचा लेखक वेगळा असल्यास सही करण्याआधी त्याच्याशी बसून हे बोलून घ्या, आणि निर्माते दुसऱ्यांदा येतील तेव्हा दोघांनी मिळून भेटा.